फटाका बाजार गावाबाहेर हलवताना: एका नगरपरिषदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठिकाणचं आणि अलीकडच्याच एका दिवाळीतलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव आणि साल गाळलं आहे, एकदोन खुणाही बदलल्या आहेत. मी अग्निसुरक्षेची कामं करतो. मैदानाची आखणी करून द्यायला नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं, त्यामुळे बैठकांपासून दुकानं उतरेपर्यंतचा सगळा व्यवहार जवळून पाहता आला.

गावातला फटाका बाजार वर्षानुवर्षं शाळेच्या मैदानावर भरत आलेला. वसुबारसेच्या आधी चार-सहा दिवस बांबू रोवले जायचे, कापडी कनाती आणि ताडपत्र्या चढायच्या आणि साठेक दुकानं एकमेकांना खेटून, समोरासमोर तोंड करून उभी राहायची. मैदानाच्या उत्तरेला शाळेची इमारत, पूर्वेला रस्ता ओलांडला की राहती घरं, पश्चिमेला एक प्रसूतिगृह. दक्षिणेला ओढा.

आदल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एका दुकानामागे रचलेल्या रिकाम्या खोक्यांनी पेट घेतला. मैदानाच्या कडेला पोरं माल ‘वाजवून बघत’ होती, त्यातलीच ठिणगी असावी. कनात पेटली, दोन दुकानं गेली. शेजारच्या दुकानदारांनी वाळू आणि बादल्यांनी आग आवरली आणि पाठोपाठ बंब आला. जीवितहानी झाली नाही. वारा उलट दिशेने असता तर आग साठ दुकानांतून फिरली असती. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा परिषद मैदानावर ऐन दिवाळीत फटाका बाजार पेटला आणि शंभराहून जास्त दुकानं खाक झाली. गावातल्या जुन्या व्यापाऱ्यांना ती आग चांगली आठवत होती.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळे एकच वाक्य बोलत होते: ‘आमचे कागद पूर्ण आहेत.’ आणि ते खरं होतं. जळालेल्या दोन्ही दुकानांकडे तात्पुरता परवाना होता. पोलिसांचा ना हरकत दाखला होता, नगरपरिषदेची जागाभाड्याची पावती होती, अग्निशमन विभागाचा शिक्का होता.

फटाक्यांची विक्री केंद्राच्या कायद्याखाली येते: स्फोटके अधिनियम १८८४ आणि त्याखालचे स्फोटके नियम २००८. या नियमांची देशभरची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सणापुरत्या दुकानांचे परवाने मात्र जिल्हा पातळीवर, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अधिकारात दिले जातात. पोलीस बंदोबस्त पाहतात, नगरपरिषद जागेची मालक म्हणून भाडं घेते, अग्निशमनवाले आपला दाखला देतात. प्रत्येक कार्यालय एका अर्जदाराचा एक अर्ज तपासतं. साठ दुकानं मिळून जो धोका तयार होतो, तो कुणाच्याच टेबलावर येत नाही. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. परवाना दुकानाला मिळतो आणि आग मैदानाला लागते.

नियम कच्चे आहेत म्हणावं, तर तसंही नाही. २००८ च्या नियमांतला ८४ वा नियम सणासुदीच्या तात्पुरत्या दुकानांसाठीच लिहिलेला आहे आणि तो अगदी नेमका आहे. दुकान न जळणाऱ्या साहित्याचं, बंदिस्त असावं. दोन दुकानांत किमान ३ मीटर अंतर असावं. शाळा, दवाखाना, राहती घरं अशा संरक्षित ठिकाणांपासून ५० मीटर दूर असावं. दुकानांची तोंडं समोरासमोर नसावीत. आत किंवा जवळपास उघडी ज्योत, तेलाचा वा गॅसचा दिवा नसावा. विजेचे दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले असावेत, लोंबती वायर नको, प्रत्येक रांगेला एक मुख्य बटण असावं. दुकानांपासून ५० मीटरच्या आत फटाके वाजवून दाखवायचे नाहीत. आणि एका समूहात ५० हून जास्त दुकानं नकोत.

हे सगळं परवान्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं. बैठकीत मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा वीस-पंचवीस वर्षं दुकान लावणारे दोघं-तिघं म्हणाले, ‘साहेब, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’ माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

टेप लावल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेचा अभियंता, अग्निशमन केंद्राचे प्रमुख, व्यापारी संघटनेचे दोघं आणि मी मैदानावर गेलो. मैदान पूर्व-पश्चिम १०० मीटर, उत्तर-दक्षिण ७५ मीटर. शाळेची भिंत उत्तरेच्या हद्दीलाच लागून, म्हणजे तिकडून ५० मीटर गेले. उरले २५. पूर्वेची घरं हद्दीपासून ९ मीटरवर, तिकडून ४१ मीटर आत सरकायचं. पश्चिमेचं प्रसूतिगृह २० मीटरवर, तिकडून ३० मीटर. फक्की मारून चौकोन काढला तो २९ बाय २५ मीटरचा.

तीन मीटर दर्शनी रुंदीचं दुकान आणि मध्ये तीन मीटर मोकळं सोडलं की २९ मीटरमध्ये पाच दुकानं बसतात. दुकानांची तोंडं एकाच दिशेला ठेवायची आणि रांगांमध्ये बंब फिरेल एवढी जागा सोडायची, तर २५ मीटरमध्ये दोन रांगा. एकूण दुकानं दहा. त्या वर्षी अर्ज आले होते ६४.

संघटनेचे अध्यक्ष फक्कीच्या चौकोनात बराच वेळ नुसते उभे होते. तोवर ‘थोडं मागेपुढे करून घेऊ’ असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर ते म्हणणं त्यांनी पुन्हा मांडलं नाही. नियम वाचून दाखवल्याने जे झालं नाही, ते जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघेने झालं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच ‘यंदा आहे तसंच, पुढच्या वर्षी बघू’. याला गावात बराच पाठिंबा होता आणि त्यामागे खरी अडचणही होती. शिवकाशीच्या मालाची आगाऊ रक्कम व्यापाऱ्यांनी श्रावणातच भरलेली असते. आमची पहिली बैठक झाली गणपती विसर्जनानंतर. माल वाटेत, पैसे अडकलेले, काहींनी सोनं गहाण ठेवलेलं. अशा वेळी जागा नाकारणं म्हणजे त्यांच्या वर्षाच्या कमाईवर घाव होता. तरीही मुख्याधिकाऱ्यांनी हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. आदल्या वर्षीची आग नोंदीवर होती. ती माहीत असून त्याच मैदानाची पावती फाडायची, तर काही बरंवाईट झाल्यावर जबाबदारी टाळता आली नसती.

दुसरा पर्याय त्याच मैदानावर फक्त दहा दुकानांचा. मग बाकीच्या चोपन्न जणांनी जायचं कुठे? ते घरी बसणार नव्हते. घराच्या ओट्यावर, किराणा दुकानात, हातगाडीवर माल निघाला असता, म्हणजे आग मैदानातून गल्लीबोळात शिरली असती.

तिसरी मागणी काही ज्येष्ठ नागरिकांची आणि डॉक्टरांची होती: विक्रीच बंद करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या हवेच्या प्रश्नावरून फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० एवढीच ठेवली होती. त्या आदेशाची कात्रणं त्यांनी जोडली होती. त्यांची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलेले नवजात बाळांचे हाल ऐकून बैठक काही वेळ गप्प झाली होती. पण नगरपरिषदेला विक्रीवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार नाही. परवान्याचा कायदा केंद्राचा, परवाना जिल्ह्याचा. नगरपरिषद जागेची मालक म्हणून स्वतःचं मैदान नाकारू शकते, तेवढंच. मैदान नाकारलं असतं तर दुसऱ्या पर्यायातलाच धोका मोठ्या प्रमाणात अंगावर आला असता.

उरला चौथा पर्याय: गावापासून तीनेक किलोमीटरवरचं बाजार समितीचं जनावरांच्या बाजाराचं मैदान. जागा ऐसपैस, पण गिऱ्हाईक तिथवर येईल का, ही भीती सगळ्यांना होती. शिवाय गावातल्या पेठेत कायमचा परवाना असलेली दोन-तीन दुकानं आहेत. ‘आम्हाला गावाबाहेर काढून त्यांची दिवाळी करताय’ असं एक तरुण दुकानदार सरळ म्हणाला. त्याचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

काय केलं

निर्णय चौथ्या पर्यायाचा झाला. त्या वेळी नगरपरिषदेवर प्रशासक होता, म्हणजे मुख्याधिकारीच. सभागृह नसल्यामुळे निर्णय झटपट झाला, पण लोकांना जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी व्यापारी, पोलीस, महावितरण, बाजार समिती आणि तहसील कार्यालय यांची एकत्र बैठक लावली आणि इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मैदानाचा एकच नकाशा तयार झाला आणि प्रत्येक परवान्याच्या अर्जाला त्याचीच प्रत, त्यात आपापल्या दुकानाचा क्रमांक टाकून, जोडली गेली. इतर काही नाही तरी एवढं प्रत्येक नगरपरिषदेने करावं. त्यामुळे पहिल्यांदाच पाचही कार्यालयांच्या टेबलावर एकच मैदान आलं.

पहिला नकाशा मला बदलावा लागला. मैदानाच्या एका कोपऱ्यावरून उच्चदाबाची वीजवाहिनी जाते आणि तीही संरक्षित ठिकाणांत मोडते. तिच्यापासून ५० मीटर सोडल्यावर सगळी आखणी लिलाव शेडच्या दिशेने सरकली. मग शेडपासूनचं अंतर कमी पडायला लागलं, म्हणून रांगा आडव्या केल्या. शेवटी बारा-बारा दुकानांच्या चार रांगा बसल्या. अठ्ठेचाळीस दुकानं, तोंडं सगळी एकाच दिशेला.

अर्ज ६४ आणि दुकानं ४८. दुसरा समूह वेगळा करावा का, यावर चर्चा झाली. बंब आणि माणसं एका समूहालाच जेमतेम पुरत होती, म्हणून तो विचार सोडला. चिठ्ठ्या टाकायच्या की जुन्यांना आधी संधी द्यायची, यावर दोन दिवस वाद झाला. तोडगा संघटनेच्याच एका सभासदाने काढला: एका घरातून एकच अर्ज. काही घरांतून बाप, मुलगा, सून असे तीन-तीन अर्ज आले होते. ते गाळल्यावर ४५ उरले. बचत गटाच्या महिलांचे तीन अर्ज मुदतीनंतर आलेले होते, ते जिल्ह्याच्या कार्यालयाशी बोलून घेतले. अठ्ठेचाळीस बरोबर भरले.

खर्चाचा प्रश्न जास्त अवघड गेला. कापडी मंडपापेक्षा लोखंडी सांगाड्यावरच्या पत्र्याच्या गाळ्याला जवळपास दुप्पट भाडं पडतं. संघटनेने सगळ्यांसाठी एकच मंडप कंत्राटदार ठरवून भाव पाडला, नगरपरिषदेने जागाभाड्यात सूट दिली आणि बचत गटांना पैसे दिवाळीनंतर भरायची सवलत मिळाली. कंत्राटदाराच्या पोरांनी सवयीने हॅलोजन टांगायला घेतले होते. वायर एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात, जोड नुसता पिळलेला, वर टेपही नाही. ते उतरवून एलईडीच्या नळ्या पट्ट्यांनी पक्क्या केल्या आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला बटणाची पेटी बसवली.

सगळ्यात जास्त डोकं बंबाने खाल्लं. गावात बंब एकच. तो मैदानावर उभा केला तर दिवाळीच्या रात्री तीन किलोमीटरवरचं अख्खं गाव उघडं पडतं, आणि घरांच्या गच्चीवर रॉकेट पडून आग लागण्याचे प्रसंग त्याच रात्री येतात. बंब गावात ठेवावा तर मैदानावर काय? जवळच्या औद्योगिक वसाहतीला विनंती करून त्यांचा बंब चार संध्याकाळी मागून घेतला, शिवाय पंप जोडलेले नगरपरिषदेचे दोन टँकर मैदानावर उभे केले. वसाहतीने नकार दिला असता तर मी स्वतः मैदानाचा दाखला द्यायला हरकत घेतली असती. बैठकीतही तसं बोललो होतो.

मालाची तपासणी पोलिसांनी आणि तहसीलच्या पथकाने केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेरियमचे क्षार वापरलेले फटाके आणि जोडफटाके, म्हणजे आपल्या माळा, यांवर बंदी घातली. ऑनलाइन विक्री थांबवली आणि दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. २९ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात अंमलबजावणी झाली नाही तर अधिकारी व्यक्तिशः जबाबदार राहतील असंही बजावलं. तरीही अनेक दुकानांत माळा निघाल्या. दुकानदार म्हणत, ठोक व्यापाऱ्याने सांगितलं हे चालतंय. जप्त करायचं की सील करून ठोक व्यापाऱ्याकडे परत पाठवायचं, यावर पथकात दोन मतं होती. शेवटी माल सील करून परत पाठवला. हिरव्या फटाक्यांच्या खोक्यांवरचे क्यूआर कोडही पथकाने मोबाइलवर तपासले, पण हे काम सगळ्या दुकानांत होऊ शकलं नाही. नागपूरच्याच नीरी या संस्थेने हे कमी धुराचे फटाके विकसित केले आहेत.

काय घडलं

मैदानावर आग लागली नाही. पहिले दोन दिवस गिऱ्हाईक फार तुरळक होतं आणि दुकानदारांचे चेहरे पडले होते. बाजार समितीने गाड्या लावायला जागा मोकळी केली, संघटनेने गावातून रिक्षा लावल्या आणि धनत्रयोदशीपासून गर्दी वाढली. एकूण विक्री आदल्या वर्षीपेक्षा कमी झाली असं बहुतेकांनी सांगितलं. किती कमी, याचे आकडे प्रत्येकाचे वेगळे.

दुकानांमधलं तीन मीटरचं अंतर मात्र लक्ष्मीपूजनाच्या दुपारी जवळजवळ नाहीसं झालं होतं. मी चार वाजता फेरी मारली तेव्हा निम्म्या फटींत रिकामी खोकी रचलेली होती. एका ठिकाणी खाट टाकून म्हातारे वडील झोपलेले. तिसऱ्या रांगेच्या मागे एक मुलगा स्टोव्ह पेटवून चहा करत होता, माल त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. ओरडून काही होत नाही. अध्यक्षांना बरोबर घेतलं, एका ट्रॉलीत सगळी खोकी भरून बाहेर काढली आणि दर तासाला ट्रॉली फिरवायची ठरलं. चहा मैदानाच्या फाटकाबाहेर सगळ्यांसाठी एकत्र सुरू केला. रिकामी खोकी कुठे जातील याचा विचार आखणीतच असायला हवा, हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. मोकळी जागा दिसली की माणूस ती वापरतोच.

गावात हातगाड्या निघाल्याच. पोलिसांनी काही उचलल्या, पण त्या संध्याकाळी पुन्हा दिसायच्या. पेठेतल्या कायम दुकानांचा धंदा वाढला.

फटाके वाजवण्याच्या बाजूने निकाल संमिश्र होता. प्रसूतिगृहाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात फलक लागले, दोन होमगार्ड उभे राहिले आणि तिथे खरंच फरक पडला. डॉक्टरबाईंनी स्वतः येऊन तसं सांगितलं. रात्री दहानंतर पोलिसांची गाडी फिरली की आवाज थांबायचा, गेली की सुरू. फटाक्याच्या आवाजाला मर्यादा आहे, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. पण ती कारखान्यात आणि प्रयोगशाळेत तपासायची गोष्ट आहे. गल्लीतल्या शिपायाकडे असतं घड्याळ आणि फार तर टेप. त्याला जे मोजता येतं तेच नियम तो राबवू शकतो, म्हणून वेळ आणि अंतर यांवर सगळा भर दिला ते बरं झालं.

नरकचतुर्दशीची पहाट मात्र कुणाच्याच हातात आली नाही. आपल्याकडे अभ्यंगस्नान झालं, कारेट फोडलं की पोरं पाचलाच फटाके घेऊन दारात येतात. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ पासूनचा आदेश. २०१८ मध्ये तामिळनाडूच्या विनंतीवरून दोन तासांची वेळ सोयीनुसार ठरवायची मुभा तिथल्या सरकारला मिळाली, कारण तिथली दिवाळी पहाटेची. आपल्या पहाटेबद्दल बैठकीत कुणी तोंडच उघडलं नाही. पोलिसांनी त्या पहाटे गाडी काढली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. जागेचा निर्णय विसर्जनानंतर नव्हे, आषाढात व्हायला हवा, शिवकाशीला पैसे जाण्याच्या आधी. जागा आणि दुकानांची संख्या आधी कळली असती तर सोळा अर्जांचा प्रश्न इतका कडू झाला नसता आणि कुणाचा माल पडून राहिला नसता.

माळांच्या बाबतीत आम्ही नरम पडलो असं माझं मत आहे. सील करून परत पाठवलेला माल ठोक व्यापारी दुसऱ्या तालुक्यात विकणार, हे उघड होतं. लहान दुकानदाराला दंड करण्यात अर्थ नव्हता, पण ठोक व्यापाऱ्याच्या गोदामाची माहिती त्याच दिवशी लेखी वर जायला हवी होती. ती दिवाळीनंतर गेली आणि तिचा उपयोग झाला नाही.

पेठेतल्या कायम दुकानांना बैठकीला बोलावलंच नव्हतं. त्यांचे परवाने वेगळ्या प्रकारचे, पण गर्दी आणि धोका तोच. तरुण दुकानदाराचा आक्षेप त्यामुळे उत्तराविना राहिला.

हातगाड्यांसाठी नुसती पोलिसांची गाडी पुरत नाही. त्या गाड्यांवर बहुधा मैदानावरच्याच दुकानांचा माल असतो. परवाना देताना ‘माल मैदानाबाहेर विकलेला आढळला तर पुढच्या वर्षी अर्ज घेतला जाणार नाही’ ही अट लेखी घेतली असती तर दुकानदारांनीच एकमेकांवर लक्ष ठेवलं असतं. संघटना याला आता तयार आहे.

दिवाळीनंतरच्या आढावा बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात आल्या: अर्ज आषाढात मागवायचे, नकाशा आधी आणि पावती नंतर, औद्योगिक वसाहतीच्या बंबाचं पत्र अर्ज उघडण्यापूर्वी हातात हवं आणि खोक्यांच्या ट्रॉलीचा खर्च जागाभाड्यातच धरायचा. पहाटेच्या वेळेबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत शासनाकडे विचारणा करावी अशी पाचवी सूचना मी मांडली होती. तिच्यावर चर्चा झाली आणि ती पुढच्या बैठकीवर ठेवली गेली.